दुसरी शीट, दुसरी पंगत

"दुसऱ्या शीटचं कारण ईचारायचं न्हाई. बाकी काय बी ईचार."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी हेडक्लार्क आण्णांनी मला हा नियम सांगितला. तेव्हा मी नुकतीच बी.एस्सी. होऊन, औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स करून परभणीला परतले होते. एका शिक्षण संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात ऑपरेटर म्हणून लागले. फार टिकले नाही. पण किस्से मात्र प्रिंटरच्या सलग कागदासारखे जमलेत. एक टोक ओढलं की घड्या उलगडत मागचे सगळे बाहेर! मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. लिहिते. हसू आलं तर हसा. मला बऱ्याच ठिकाणी येत नाही.

*

कॉम्प्युटर आला त्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी बापूसाहेब स्वतः नारळ फोडायला आले. आण्णांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, तेही पडद्याच्या बरोबर मधोमध. मी पुसायला गेले तर ओरडले, "राहू दे! शुभ असतंय!" पहिले काही दिवस मी सगळ्या मुलींची नावं कुंकवातून वाचली.

कंपनीच्या माणसानं जाताना सांगितलं, मशिनला धूळ चालत नाही. लगेच फर्मान निघालं, चपला बाहेर! बापूसाहेबांची कोल्हापुरीसुद्धा दाराशी. पण खोली झाडायची कोणी? वसतिगृह झाडायला गंगूबाई होती. तिला मात्र उंबऱ्यावरच अडवलं. "मशिनची पूजा झालेली हाय," आमच्या रेक्टर काकडेबाई म्हणाल्या. पुढचं त्या बोलल्या नाहीत. गंगूबाईला ते सांगावंही लागलं नाही.

म्हणजे धूळ आत येऊ नये म्हणून चपला बाहेर, आणि झाडणारी आत येऊ नये म्हणून धूळ आत!

शेवटी मीच झाडू उचलला. आण्णा केवढे हळहळले! "पाटलाची लेक अन् हातात झाडू!" हळहळले फक्त. झाडू काही हातातून घेतला नाही.

*

माझं मुख्य काम म्हणजे मेसची शीट. दर सोमवारी वसतिगृहातल्या सगळ्या मुलींची एक मोठी शीट निघायची. एका मुलीची एक ओळ: नाव, गाव, वर्ग, खोली आणि शेवटच्या रकान्यात 'ताट स्वतःचं'. स्वतःचं असेल तर वाय, मेसचं असेल तर एन. ज्यांच्यापुढे वाय, त्यांच्या ओळी उचलून दुसऱ्या शीटवर उतरवायच्या. आण्णा वर्षानुवर्षं ते हातानं करायचे. पट्टी ठेवून, बोट फिरवत, सोमवारची सबंध दुपार.

मी मॅक्रो लिहिला. एक बटण दाबलं की मशीन स्वतःच एकेक ओळ तपासायचं आणि वाय दिसला की ती दुसऱ्या शीटवर नेऊन ठेवायचं. आण्णा पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"हे पोरी कशा ओळखायलंय?"

"पोरी नाही ओळखत, आण्णा. वाय ओळखतं."

त्यांचा विश्वास बसेना. स्वतःच्या हातची शीट आणून ओळीओळीवर बोट ठेवून ताडून पाहिली. मग म्हणाले, "सेम टू सेम! आता सोमवारी दुपारी मी करू काय?"

मी म्हटलं, "दुसऱ्या शीटचं कारण शोधा."

त्यानंतर आण्णा माझ्याशी थेट गुरुवारी बोलले.

*

कारण मी काकडेबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भांडी घासायचा हिशोब असतो." मेसच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, मला घंटा द्यायची मालूम. पयली घंटा पयल्या पंगतीला, दुसरी घंटा दुसरीला. दुसऱ्या शीटवरच्या पोरी दुसरीला." का, ते त्यांनाही विचारायचं नव्हतं.

कारण शेवटी चालत माझ्या खोलीत आलं. चपला बाहेर काढून.

सुजाता साळवे, पालमकडची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. हजेरीचा दाखला टाईप करून घ्यायला आली होती. सोमवार होता. पडद्यावर ओळी एकीकडून दुसरीकडे चालल्या होत्या. तिनं आपली ओळ जाताना पाहिली.

मी विचारलं, "तू ताट घरून का आणतेस गं?"

"मी आणते?" ती म्हणाली. "ॲडमिशनला काकडेबाई नाव ईचारतात, गाव ईचारतात, मग 'गावात कुठं राहता' ईचारतात. मग आमाला म्हणतात, ताट-तांब्या घेऊन ये. बाकीच्यांना म्हणत न्हाईत."

दुसऱ्या शीटवरची नावं मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. आडनावांवरूनच कळलं, सगळ्या आपापल्या गावच्या त्याच एका बाजूच्या, वेशीबाहेरच्या वस्त्यांमधल्या.

सुजाता अजून पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचं मशीन लय हुशार हाय. आमच्याकडं ह्या कामाला सबंध गाव लागतं!"

*

विद्यापीठाच्या नामांतराचं भिजत घोंगडं तेव्हा अजून भिजतच होतं. बापूसाहेबांनी ऑफिसात तो विषयच बंद केला होता. आण्णा तर इतके सावध, की पत्रात 'विद्यापीठ' एवढंच लिहायचे आणि पुढे नावाइतकी जागा कोरी सोडायचे. कुठलंही झालं तरी बसेल!

एकदा त्यावरूनच बंद झाला. एसटी बंद, बाजार बंद. स्वयंपाकिणी आल्या नाहीत. मुली भुकेनं कावल्या. तेव्हा सुजाता आणि तिच्या दोघी मैत्रिणी मेसमध्ये शिरल्या, मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली, आणि सगळ्या मुली एकाच पंगतीत जेवल्या. येलदरीच्या, मानवतच्या, पालमच्या, मिळेल त्या ताटात. काकडेबाईंनीही खाल्ली. वर मागून घेतली!

मला वाटलं, सुटलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी मावशींनी परत दोन घंटा दिल्या. मी तशीच काकडेबाईंकडे गेले. "काल तर सगळ्या एकत्र जेवल्या!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "काल बंद होता. बंदमध्ये सगळंच बंद असतं."

*

दुसरी पंगत म्हणजे पहिली उठल्यावर, जमीन पुसून, ती वाळल्यावर. तोवर कॉलेजात प्रॅक्टिकल सुरू झालेलं असायचं. उशिरा गेलं की गैरहजेरी. म्हणून सुजातानं निवड केली. ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्या दिवशी सकाळचं जेवण नाही.

एक दिवस केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ती उभ्याउभ्या कोसळली. हातातली परीक्षानळी फुटली, तळहात कापला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि रागावले, "एवढी शिकलेली मुलगी तू. सकाळी वेळेवर जेवत जा!"

सुजाता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गोळ्या नका देऊ. चिठ्ठीवर पहिली घंटा लिहून द्या!"

डॉक्टर हसले. त्यांना विनोद वाटला.

मी कॉलेजात जाऊन तिच्या सरांना भेटले. ते म्हणाले, हजेरी आधीच कमी आहे, आणखी बुडाली तर परीक्षेला बसता येणार नाही. तिच्या घरून निरोप आला, परीक्षाच नसेल तर वसतिगृहात कशाला, मुलगा बघून ठेवलाय. आणि मी बापूसाहेबांकडे गेले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तू आपल्या घरातली पोर हायस. दस्तूर मोडला की गावोगावचे लोक आपल्या पोरी काढून नेतील. मग वसतिगृह चालंल कसं? तकरार त्या पोरींची न्हाई, तुझी हाय."

चहा गोड होता. मी तो तसाच ठेवला.

*

आणि मग ते चांदीचं ताट आलं!

मानवतच्या एका मोठ्या अडत्याची मुलगी मध्येच दाखल झाली. कापसातला माणूस. मेसमधले पंखे त्यांनीच दिलेले. घरचं सोवळं कडक, बाहेरच्या भांड्यात जेवण वर्ज्य. म्हणून पोरीबरोबर चांदीचं ताट, चांदीची वाटी, चांदीचा तांब्या. काकडेबाईंनी कौतुकानं तिचा फॉर्म भरला आणि 'ताट स्वतःचं' पुढे स्वतःच्या हातानं वाय लिहिला. मी ओळ टाकली. सोमवारी सकाळी, घंटेच्या आधी, बटण दाबलं.

मशिननं वाय पाहिला आणि ओळ उचलली.

थोड्या वेळानं पहिली घंटा झाली. अडत्यांची कन्या ताट घेऊन आली. मावशींनी शीट पाहिली आणि म्हणाल्या, "बाय, तुजं नाव दुसऱ्या पंगतीत हाय. भाईर थांब." ती थांबली. तिला वाटलं, दुसरी म्हणजे मोठ्या घरच्यांची पंगत असेल! दुसऱ्या घंटेला ती सुजाताच्या शेजारी बसली. चांदीचं ताट, शेजारी जर्मनचं, ॲल्युमिनियमचं ताट. दोघी पोटभर जेवल्या. पोरीनं घरी पत्रात लिहिलं, इथं माझी चांगली मैत्रीण झाली आहे. नावही लिहिलं. आडनावासकट.

*

अडते पुढच्याच सोमवारी सकाळी हजर. ऑफिसात बापूसाहेब, आण्णा, काकडेबाई, मी. अडत्यांचा आवाज पार रस्त्यावर. "माझी पोरगी कुणाच्या पंगतीत बसवली? कुणाच्या?"

"मशिनची चूक झाली," आण्णा म्हणाले.

"मशीन चुकलं नाही," मी म्हटलं. "ताट स्वतःचं असेल तर दुसरी शीट. तुम्ही सांगितलेली अट आहे. त्यांचं ताट स्वतःचंच आहे."

बापूसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "वाद नको. अट बदल. मावशीला शीट द्यायची येळ झाली."

त्याच वेळी दारात सुजाताचे वडील आले. पालमहून पहाटेच्या एसटीनं, मुलीला न्यायला. सुजाता त्यांच्या मागे होती. हाताला पट्टी. वडिलांनी तिची लोखंडी पेटी खांद्यावर घेतली होती. ते म्हणाले, "नाव कमी करा म्हणायला आलतो. तुमचं चालू द्या. आमी थांबतो." आणि पेटी खांद्यावर तशीच ठेवून उंबऱ्याशी उभे राहिले.

मी मशिनसमोर बसले. ऑफिसाला लागूनच ती खोली, मधलं दार उघडं. विचारलं, "ताटाची अट काढली. आता कुठली घालू?"

"तुला म्हाईत हाय," आण्णा पुटपुटले.

"मला माहीत आहे. मशिनला माहीत नाही. त्याला शब्द लागतो. कुठल्या मुली दुसऱ्या शीटवर घ्यायच्या, ते सांगा. मोठ्यानं सांगा, म्हणजे मी टाईप करते."

आण्णांनी काकडेबाईंकडे पाहिलं. काकडेबाईंनी बापूसाहेबांकडे. बापूसाहेबांनी दाराकडे पाहिलं. तिथं सुजाता उभी होती, सरळ त्यांच्याकडे बघत.

"अडतेसाहेब, तुम्ही सांगता?" मी म्हटलं. "आत्ता रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं."

अडत्यांनी टोपी काढली, परत घातली.

"पोरी, शहाणपणा करू नको," बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले. "ह्यांची तेवढी एक ओळ हातानं काढून टाक, अन् पयल्यासारखी शीट दे."

"नाही काढणार. त्यांची ओळ काढणार नाही आणि दुसरी शीटही काढणार नाही. मॅक्रो मी पुसला. ही एक शीट आहे, सगळ्या मुलींची. दुसरी हवी असेल तर इथं बसून, सुजाताच्या आणि तिच्या वडिलांच्या समोर, स्वतःच्या हातानं लिहा. आण्णा, तुमची पट्टी अजून आहे ना?"

आण्णांचा हात खणाकडे गेला. पट्टी निघाली, टेबलावर आली. पेन काही उघडलं नाही.

"उद्यापासून येऊ नको," बापूसाहेब म्हणाले.

"नाही येणार. पण उद्या जो येईल, तोही हेच विचारेल. त्याला सांगायचा शब्द आजच ठरवून ठेवा."

मी सगळ्या मुलींची शीट प्रिंटरवर सोडली. कर्रकर्र करत ती बाहेर आली. फाडून टेबलावर ठेवली, त्या पट्टीशेजारी.

इतक्यात मावशी आल्या. हातात घंटेची हातोडी. शीट उचलली, उलटीपालटी करून पाहिली, खाली दुसरी आहे का म्हणून टेबलही पाहिलं.

"बापूसाहेब, येळ झाली. घंटा एक देऊ का दोन?"

बापूसाहेबांनी काकडेबाईंकडे बोट दाखवलं.

"काकडेबाई? एक का दोन?"

काकडेबाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. आण्णा पट्टीकडे बघत होते.

सुजातानं वडिलांच्या खांद्यावरची पेटी धरली आणि खाली उतरवून ठेवली.

मावशी हातोडी हातात घेऊन उभ्याच होत्या.