विनयच्या नावाचा वाटा

धाकटा भाऊ विनय गेला त्याला मे महिन्यात वर्ष होत होतं. आरमोरीच्या पुढे एका गावात तो मच्छीमारांबरोबर तलावांचं काम करायचा. त्या मच्छीमारांपैकी देवाजीभाऊंचं कार्ड आलं : 'तलावात जाळे टाकून राह्यलो. विनयभाऊचा वाटा निघन. घरचं कोनी यावं.' विनय पाच वर्षं बोलावत होता तेव्हा मी गेलो नव्हतो. आता निघालो.

नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे आरमोरीची एसटी, चारेक तास. पहाटेची गाडी धरा. नंतर एसटीचा पत्रा तापतो. आरमोरीला स्टँडसमोर तर्री-पोहे बरे मिळतात. तिथून काळी-पिवळी जीप, माणसं भरली की सुटते. पाणी बरोबर ठेवा. रस्त्याकडेला विड्यांसाठीच्या तेंदूपानांचे पुडे वाळत होते.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मार्टिन भेटला. ऑस्ट्रियाचा, धान आणि मासे शिकायला आलेला, दोन वर्षं विनयच्या खोलीत राहिलेला. गाव त्याला मार्तंडभाऊ म्हणतं. विनयने त्याच्याबद्दल लिहिलं तेव्हा मी उत्तरात शाळेत शिकलेलं एका साहेबाच्या कवितेतलं मत कळवलं होतं, की पूर्व आणि पश्चिम यांची गाठ कधी पडायची नाही.

"तुमचं पत्र वाचून विनय लय हसला," मार्टिन म्हणाला. "मी म्हनलं, भाऊनं पुढचं वाचलं नाई काऊन? पुढं तो कवी उलटंच सांगते."

माझं पत्र त्या दोघांनी मिळून वाचलं होतं.

दुपारी मासळीचे सारखे वाटे पाळीवर लागले, घरटी एक. वर्षात जो गेला त्याच्याही नावाने एक. तो त्याच्या जवळच्याने उचलायचा आणि गावातच रांधून खायचा. आमच्या घरी मासे चालत नाहीत. मी म्हणालो, "मी खात नाही. सगळ्यांत वाटून टाका."

देवाजीभाऊ खाली पाहत म्हणाले, "वाटून टाकला का नातं सरलं, भाऊ. मंग पुढं त्याचं नाव निघत नाई."

त्यांच्या पत्नी सुमनबाई म्हणाल्या, "मार्तंडभाऊ उचलते नं. दोघं एका ताटात जेवत होते."

मार्टिन माझ्याकडे बघत थांबला. मग वाकला. त्याचा हात मासळीपाशी गेलेला पाहिला आणि मी पुढे होऊन वाटा उचलला. मनात श्रद्धा वगैरे नव्हती. त्याने उचलू नये, एवढंच होतं.

सुमनबाईंनी रस्सा केला. मला काटे काढता येईनात. मार्टिनने न विचारता माझ्या ताटातले काढून दिले.

"विनयले बी पहिल्या महिन्यात जमे नाई," तो म्हणाला. "मंग मासळीच्या डोक्यासाठी भांडे माझ्याशी."

"अन् जिंकेबी तोच," सुमनबाई म्हणाल्या. सगळे हसले. मी कसाबसा घास गिळला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. मासे खाल्ल्याचंही. ती रागावली नाही. विनय तिथे काय बोलायचा, सकाळी किती वाजता उठायचा, आजारात कोण जवळ होतं, असं विचारत राहिली. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

"त्या मार्टिनला बोलाव ना इकडे," ती म्हणाली. "चार दिवस राहू दे."

तीन आठवडे झाले. पत्ता माझ्याजवळ आहे. आई रोज विचारते, पत्र टाकलंस का. मी म्हणतो, टाकलं.