घासलेली चांदी

तानाबाई कुणाला भीत नाही, असं भौतिकशास्त्र विभागात सगळे म्हणत. गगनबावड्याची बाई ती! झाडताना साप निघाला तर काठीवर घेऊन बाहेर टाकून यायची. पण एका यंत्राच्या खोलीत मात्र ती घाईघाईनं केर काढून बाहेर पडायची. काचेच्या झरोक्यातून आत जांभळा उजेड दिसायचा, आणि त्या उजेडात अनुजाची चांदीची चकती.

अनुजा तिथं संशोधन करायची. तिनं एकदा सांगितलं होतं, "मावशी, आत वायूचे विजेनं भारलेले कण चांदीवर तिरपे आदळतात. गारांचा मारा बसतो तसा." तानाबाईनं मान डोलावली आणि मनात एवढंच धरलं, की हे यंत्र चांदी खातं.

खंडेनवमीसाठी यंत्रं पुसायला ती आली, तर चकती टेबलावर उघड्या डबीत. यंत्रात गेली तेव्हा आरशासारखी होती, आता पांढुरकी, मळकट. यंत्रानं चांदी खाल्लीच! दसरा झाला की मोठे साहेब अनुजाचं काम तपासायला, हीच चकती बघायला येणार होते. पोरीचं शिक्षण बुडालं म्हणायचं! घरचे देव उजळावेत तशी तिनं ती दंतमंजनानं घासघास घासली.

संध्याकाळी अनुजानं डबी उघडली आणि गुंडूला हाक मारली.

"गुंडू, ह्याला हात कुणी लावला?"

किल्ली शिपाई गुंडूकडं असायची. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आईशप्पथ, म्या न्हाय ताई."

तानाबाई केरसुणी घेऊन दारातच उभी होती. नोकरी गेली तर खायचं काय? पण गुंडूकडं बघवेना.

"म्या घासली."

अनुजाला रडूही येईना. "अहो मावशी, तो मळ नव्हता. मारा बसून बसून चांदीवर बारीक लाटा उठल्या होत्या, पंचगंगेच्या वाळूवर उठतात तशा. डोळ्यांना दिसत नाहीत, नुसती चकाकी जाते. उन्हाळ्यापासून त्याच तर उठवत होते मी! मला विचारायचं तरी."

"भ्या वाटलं म्हनून न्हाय इचारलं," तानाबाई म्हणाली. "तू म्हनली असतीस, व्हय, नासली, मग म्या काय केलं असतं?"

अनुजानं चकती दिव्याखाली धरली. एकही लाट उरली नव्हती. दोघींचे भ्यालेले चेहरे तेवढे तिच्यात स्वच्छ दिसत होते.