पोळपाटावर फिरणारा पट्टा

आम्ही चारकोपच्या सेक्टरात राहायला आलो तेव्हा लालबाग-परळहून टेम्पोत भरलेल्या सामानाबरोबर प्रत्येकाने एकेक बढतीही आणली होती. संपात गिरण्या बसल्या, नोकऱ्या गेल्या, पण हुद्दे वाढले. तेलवाले फिटर झाले, बॉबिनी बदलणारे डॉफर मुकादमी करणारे जॉबर झाले आणि एक वॉचमन तर थेट लेबर ऑफिसर होऊन उतरला. विचारणार कोण? प्रत्येकाची गिरणी वेगळी होती, आणि दुसऱ्याचं विचारायला जावं तर आपलंही सांगावं लागलं असतं.

आमच्या समोरच्या खोलीतला गुणाजी परब हा असाच एक फिटर. अठरा वर्षं मिलमध्ये फिटर होतो, असं तो सांगायचा. मी अनंत तावडे, मीही फिटरच. म्हणजे चार फुटांच्या गल्लीच्या दोन बाजूंना दोन फिटर, आणि दोघांच्याही हाताला काम नाही. सकाळी दोघंही दात घासत एकमेकांकडे बघायचो आणि काल किती ठिकाणी बोलावणं आलं याच्या थापा मारायचो.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात बातमी आली की इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या चंद्रप्रकाश राणेंना फिटर हवा आहे. राणेंचा स्टीलचे डाव आणि झारे बनवायचा गाळा होता. माणूस आमच्याच मुलखातला, पण हिशेबाला पक्का. जागा एक. मी अर्ज दिला. गुणाजीनेही दिला. राणेशेठनी दोघांनाही सांगितलं, दसऱ्यानंतर बघू.

अर्ज देऊन मी स्वस्थ बसलो, कारण मला जगाची रीत माहीत होती. गुणाजीला ती माहीत नव्हती. त्याने गाळ्यात डोकावून पाहिलं होतं की तिथे डावाच्या कडा गोल दगडावर घासतात, त्यात वेळ जातो आणि कडा वाकडी होते. त्याच्या डोक्यात भरलं की दगडाऐवजी दोन चाकांवर फिरणारा खरखरीत पॉलिश कापडाचा पट्टा लावला तर काम झकास होईल. अशी मशीन विकत मिळते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण घरात तेल आणायची मारामार. म्हणून मशीन घरीच बांधायची ठरली.

मग त्याच्या दारात भंगार जमायला लागलं. वाकोल्याच्या भंगारवाल्याकडून जळक्या पाणीपंपाची मोटर आली, ती त्याने स्वतः तारा गुंडाळून चालू केली. मोडक्या खाटेच्या अँगलचा सांगाडा झाला. वरचं चाक म्हणून रिक्षाची जुनी बेअरिंग. पट्टा ताणून धरायला सायकलच्या कॅरियरची स्प्रिंग. पॉलिश कापडाच्या पट्ट्या कापून टोकं चपलेच्या सोल्युशनने चिकटवली. राहिलं मोटरवरचं मोठं चाक. ते कुठे मिळेना, तेव्हा गुणाजीने घरातला शिसवी पोळपाट उचलला आणि त्याचे तिन्ही पाय करवतीने उडवले.

हा पोळपाट साधासुधा नव्हता. त्याची बायको, रत्नप्रभावहिनी, नोकरदार बायकांना चपात्या लाटून द्यायची, त्यावरच घर चाललं होतं. म्हणजे घरातली एकमेव कमावती वस्तू याने मशीनला लावली. वहिनी काही बोलली नाही. तिने ताट पालथं घातलं आणि त्यावर लाटायला बसली. ताट सरकायचं, चपाती कुठल्याही देशाच्या नकाशासारखी व्हायची, आणि बायका परत द्यायच्या. तेव्हा मात्र ती बोलली.

"दसऱ्यापर्यंत थांबतंय," ती म्हणाली. "तोवर नोकरी नाय लागली तर तुझी मशीन आणि तू, दोघांकाय भंगारात देतलंय."

पहिल्यांदा मशीन सुरू केली तेव्हा अख्खी गल्ली बघायला होती. पट्टा दोन वेळा फिरला, एका बाजूला सरकला आणि सटकन उडून समोरच्या दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या लेंग्यावर जाऊन बसला. आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतर हा रोजचाच कार्यक्रम झाला. संध्याकाळी लोक चहा घेऊन दारात उभे राहायचे. मी फिटर या नात्याने सल्ले द्यायचो.

"अलाइनमेंट आउट आहे रे तुझी," मी म्हणायचो. याच्या पुढचं मला काही येत नव्हतं, पण तेवढ्यावर मान राहायचा.

गुणाजी आठ दिवस नुसता बसून होता. मग एका सकाळी त्याने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि पोळपाटाच्या कडेवर मधोमध, एकीवर एक, गोल गोल चिकटवल्या. कड मध्ये फुगीर झाली. मला वाटलं, गेलं याचं डोकं. मशीन सुरू केली, आणि पट्टा बाजूला सरकला की आपोआप पुन्हा फुगवट्यावर मधोमध येऊन बसायला लागला. गल्लीतला एकही जण हसला नाही. हसायचं कारण गेल्यामुळे सगळे जरा नाराजच झाले.

"हे कुठे शिकलास?" मी विचारलं.

"बघितलाय," एवढंच बोलून त्याने तोंड फिरवलं.

बातमी राणेशेठपर्यंत पोचली. ते स्वतः आले, चालती मशीन पाहिली, एका डावाची कड घासून बोट फिरवलं. म्हणाले, "परब, दसऱ्याला पूजा कर मशीनची, मी येतो. अठरा वर्षांचा फिटर आहेस ना? मग जागा तुझी." माझा अर्ज तिथल्या तिथे वारला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला. नारळ ठेवला. आमच्या माणसांत नवं काम सुरू करताना वडीलधारा देवाला गाऱ्हाणं घालतो. तो माणसाचं नाव, काम, मागणं सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष देतात. सेक्टरातले सगळ्यांत म्हातारे भाऊ पुढे झाले. राणेशेठ चपला काढून हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," भाऊंनी सुरू केलं, "आज हो तुझो गुणाजी परब, मिलचो फिटर, आपल्या हातान मशीन बांधून तुझ्या पायाकडे उभो हा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

"भाऊ, थांबा," गुणाजी म्हणाला. "फिटर म्हणू नकात. मी झाडूवालो होतंय."

रत्नप्रभावहिनी आरतीचं ताट हातात घेऊन तशीच राहिली.

"अठरा वर्सां मिलच्या मशिनींच्या पट्ट्यांच्या खालसून कापूस झाडलंय," तो देवाकडे बघून बोलत होता. "वर बघी तर चाकां मध्ये फुगीर. म्हणान ह्या सुचला. भाऊ, परत घाला गाऱ्हाणा."

गाढव माणूस. बायकोला, शेठला, साऱ्या गल्लीला खोटं सांगायला चाललं; देवापुढे अर्धा मिनिट गप्प राहायला काय झालं होतं? माझ्या खोलीच्या वास्तूला याच भाऊंनी याच आवाजात मला फिटर म्हटलं होतं. मी हेल्पर होतो. फिटरमागून पान्यांची पेटी घेऊन फिरायचो. आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा" माझा होता.

भाऊंनी गाऱ्हाणं पुन्हा घातलं, या वेळी झाडूवालो म्हणून. साक्ष देणारे आवाज जरा कमीच निघाले. प्रसाद घेताना राणेशेठ म्हणाले, "परब, मशीन फर्स्ट क्लास. पण झाडूवाल्याला फिटरच्या जागेवर घेतला तर माझे कारागीर त्याचं ऐकतील का, तूच सांग." गुणाजीनेही सांगितलं, नाय ऐकणार. इतका प्रामाणिकपणा बघून मला चीड आली.

शेठनी मशीन घेतली, तिचे ठरले ते पैसे दिले. त्यातून वहिनीला नवा पोळपाट आला. गुणाजीलाही त्यांनी कामावर घेतलं, गाळा झाडायला. फिटरची जागा मला मिळाली, आणि शेठनी मला त्याच मशीनवर बसवलं.

आठवड्याच्या आत पट्टा उतरायला लागला. मी स्प्रिंग ओढून पाहिली, सांगाडा ठोकून पाहिला, शेवटी आजूबाजूला कोणी बघत नाही असं पाहून गुणाजीला हाक मारली. त्याने झाडू भिंतीला लावला, एक सुटलेली ट्यूबची पट्टी दाबून चिकटवली, बेअरिंग केसभर तिरकी केली. पट्टा मधोमध आला.

"अनंता," तो म्हणाला, "तू पण फिटर नव्हतस ना रे?"

"हळू बोल," मी म्हणालो.

तो कोणाला काही सांगणार नव्हता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. त्याने झाडू घेतला आणि मशीनखाली पडलेला स्टीलचा चुरा लोटायला वाकला. तो माझ्या स्टुलापाशी आला, तेव्हा मी पाय वर घेतले.