क्ष अधिक तीन

गणित सोडवून वही पुढे केली की सर आधी उत्तरावर तळहात ठेवायचे. सगळं झाकून टाकायचे. मग दुसऱ्या हाताचं बोट वरच्या प्रश्नावर आपटत विचारायचे, "विचारलं काय?" ते सांगितलं की पुढचं ठरलेलं, "ताळा पाह्यला?" शाबास हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकला नाही.

आधीच सांगून टाकते, हा माणूस मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, तर ते इतरांनी बोलावं. असा एखादा सर तुम्हीही पाहिला असेल, त्याला बीजगणित येतं आणि बाकी माणसांशी कसं वागावं ते येत नाही. आमच्या धामणगाव बढ्यात तो आमच्याच गल्लीत राहायचा, एवढाच फरक.

मी सोळा वर्षांची होते आणि ते आम्हाला दहावीला गणित शिकवायचे. एक दिवस फळ्यावर गणित घातलं, तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज अमुक, तर त्या संख्या शोधा. मला उठवलं. मी खडू घेतला आणि लिहिलं, क्ष, क्ष अधिक एक, क्ष अधिक तीन. ते म्हणाले, क्ष अधिक दोन, क्ष अधिक चार. मी विचारलं, "सर, संख्या विषम हायेत, मंग त्यात सम कसे मिळवाचे?"

मला खरंच कळत नव्हतं. उद्धटपणा नव्हता त्यात. सम संख्यांना दोन नि चार मिळवतो, तर विषमला एक नि तीन नको का? सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिच्या बापाले सांगा, हिले भाकरी थापाले बसवा. भाकरीत सम-विषम नसते."

वर्ग खदखदून हसला. त्यानंतर मी गणिताच्या तासाला तोंड उघडलं नाही. मार्चमध्ये बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास. वडील म्हणाले, झालं तेवढं पुरे. लग्नही गावातल्या गावात लागलं, आणि सासर नेमकं सरांच्या गल्लीत, त्यांच्या दाराच्या तिरप्या समोर. नशीब म्हणतात ते हेच.

एकोणीस वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. संक्रांतीला अख्ख्या गल्लीत तीळगूळ वाटायचे, त्यांचं एक दार सोडून. सासूबाई ओरडायच्या, म्हाताऱ्या माणसाचा कसला राग धरते. मी म्हणायचे, ज्याचं जळतं त्याला कळतं. सरांची बायको वारली तेव्हा बायकांबरोबर गेले, बसले, आणि त्यांच्याकडे न बघता उठून आले.

आता अडला हरी कसा झाला ते सांगते. मी गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, चटया झटकायच्या. आमच्या सेविका ताई निवृत्त व्हायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं तूच हे सगळं ओढून राह्यली. तुझ्याजवळ दहावीची मार्कशीट असती तर ही खुर्ची तुझीच होती. नाई तर बाहेरची बाई येईन, अन तू तिच्या हाताखाली खिचडीच करशीन." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच आठवड्यात खाजगी विद्यार्थिनी म्हणून फॉर्म भरला. अभ्यासक्रम बदललेला, म्हणून सगळेच विषय परत द्यायचे होते. मराठी, इतिहास, विज्ञान मी रेटून नेलं असतं. गणिताचं काय करायचं?

गावात क्लास होते. पण त्या बाकांवर बसणारी पोरं म्हणजे मीच खिचडी भरवलेली, मीच चड्ड्या बदललेली. त्यांच्या शेजारी बसून हात वर करायचा? ते काही होणार नव्हतं. उरले सर. मी मनातल्या मनात गाढवाचे पाय धरले आणि एका दुपारी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

सर शेंगा फोडून खात बसले होते. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तू तीच ना वं, क्ष अधिक तीनवाली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर राहते, एकोणीस वर्षं रोज दिसते, आणि या माणसाला माझं नाव माहीत नाही, माझी चूक तेवढी पाठ. तिथून परतच फिरायचं होतं. पण ताईंची खुर्ची डोळ्यांसमोर आली.

"हाव," मी म्हणाले. "दहावीले बसून राह्यली."

"उद्या ये चार वाजता. चार म्हणजे चार."

एकदा खिचडीचं पातेलं घासण्यात पाच मिनिटं उशीर झाला, तर दार आतून बंद. आत रेडिओ चालू होता. मी कडी वाजवली, त्यांनी आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी मी पावणेचारला जाऊन ओट्यावर बसले, तर म्हणाले, "काऊन आली? अजून पंधरा मिनिटं हायेत."

शेंगांचा ढीग रोज पुढ्यात असायचा. सहा महिन्यांत मला एक शेंग दिली असेल तर शपथ. फी घेत नव्हते, ते खरं. मी विचारलं तर म्हणाले, "पास झाली तर बोलू." म्हणजे होणार नाही, असंच मी धरलं.

नाव विचारून घेण्याची तसदी त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. "क्ष अधिक तीन, पाटी पुसून घे." "क्ष अधिक तीन, डोकं जाग्यावर हाये का?" पुस्तकात आता क्षच्या जागी एक्स आलाय, पण सर क्षवर अडून. मी एक्स म्हटलं की ऐकूच आलं नाही असं दाखवायचे. कान खरंच थोडे कमी होते, त्याचा ते सोयीने वापर करायचे.

एकदा गणित होतं, तीन क्रमागत संख्यांची बेरीज बहात्तर, तर सर्वांत मोठी संख्या कोणती? मी झटक्यात सोडवलं, तेवीस आले, खाली दोन रेघा मारल्या. तळहात आला.

"विचारलं काय?"

"संख्या."

"कोणती?"

मी वाचलं. मोठी.

"मंग हे तेवीस कोणाचं उत्तर हाये? शेजारणीचं?"

पंचवीस लिहिलं. मग ताळा, तेवीस, चोवीस, पंचवीस, बहात्तर. चूक माझीच होती, पण शेजारणीचं म्हणायची गरज होती का? घरी येऊन नवऱ्यावर राग काढला. तो बिचारा मुकाट्याने जेवला.

बदला घ्यायची संधी एकदाच मिळाली. तेरा गुणिले पंधरा सरांनी घाईत एकशे पंच्याऐंशी लिहिलं. मी तळहात त्यांच्या आकड्यावर ठेवला आणि म्हणाले, "ताळा पाह्यला?" सरांनी पाहिलं, खोडलं, एकशे पंच्याण्णव लिहिलं, आणि पुढचं गणित घातलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी मात्र त्या संध्याकाळी घरी शिरा केला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सम संख्या झाल्या, वयांची गणितं झाली, वर्गसमीकरणं झाली, तरी क्रमागत विषम संख्या सरांनी घेतल्याच नाहीत. जानेवारी उजाडला. शेवटी मीच पुस्तकातलं तसलं गणित काढलं आणि सोडवून पुढे ठेवलं. क्ष, क्ष अधिक दोन, क्ष अधिक चार. उत्तर बरोबर, ताळा बरोबर.

सरांनी या वेळी हात ठेवला नाही. म्हणाले, "काऊन? विषम हायेत ना? दोन काऊन मिळवले?"

आता हे मलाच विचारतात. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हे. माझा तोल गेला.

"आमच्या वावरात एक तास तुरीचं हाये अन एक तास उडदाचं," मी म्हणाले, तास म्हणजे पेरणीची ओळ. "तुरीच्या तासावरून तुरीच्या तासावर जायले किती तासं पुढं जा लागते? दोन. उडदावरून उडदावर? तेबी दोनच. तूर हाये का उडीद, हे तुम्ही उभे कुठं हा त्यावर हाये. पावलं दोनच. यात काय एवढं मोठं हाये सर?"

सर शेंगा फोडायचे थांबले. "परत सांग," म्हणाले. मी परत सांगितलं. त्यांनी वही उघडली आणि शेवटच्या पानावर ते लिहून घेतलं, तूर, उडीद, सगळं. मी बघत राहिले. मास्तर माझं बोलणं उतरवून घेतोय, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना.

पेनाचं टोपण लावता लावता ते म्हणाले, "त्या दिवशी तू विचारलं होतं ना, सम कसे मिळवाचे म्हणून. मले नियम येत होता. काऊन ते सांगता येत नव्हतं. अख्खा वर्ग माझ्याकडं पाहून राह्यला होता. म्हणून भाकरीचं बोललो."

"मी सोळा वर्षांची होते सर."

"हाव. मी पंचेचाळीसचा होतो."

बस, एवढंच. पुढे काही म्हणतील म्हणून मी थांबले. त्यांनी पुढच्या गणिताला हात घातला. मी पाटी उचलून सरळ घरी निघून आले. चुलीपुढे बसून रडले, आणि रडताना त्यांना मनापासून शिव्या दिल्या. माझा प्रश्न बरोबर होता. उत्तर त्यांना येत नव्हतं. त्याची शिक्षा एकोणीस वर्षं मी भोगली, आणि या माणसाला साधं 'चुकलं' म्हणता येईना. तरी दुसऱ्या दिवशी चारला गेले. मार्च तोंडावर होता.

गणिताचा पेपर देऊन मोताळ्याहून एसटीने परत आले, तर सर ओट्यावर उभे. कसा गेला विचारलं नाही. हात पुढे करून प्रश्नपत्रिका घेतली आणि आत गेले.

एप्रिलमध्ये त्यांची छाती दुखायला लागली. मुलगा नाशिकहून गाडी घेऊन आला. गल्लीतले सगळे जमले, मीही दारात उभी राहिले. गाडीच्या काचेतून सर ओरडले, "क्ष अधिक तीन, निकाल लागला की बैठक क्रमांक सांगजो. पास-नापास सांगू नको. मी स्वतः पाहीन. तोंडी उत्तर मले चालत नाही."

निकाल लागला. मोबाइलवर नंबर टाकला, आईचं नाव टाकलं, आणि पास. गणितात सत्तेचाळीस. नवऱ्याने पेढे आणले. ताईंनी मला खुर्चीत बसवून बघितलं. आणि त्या गडबडीत सरांचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"नंबर सांग."

मी सांगायला लागले. अक्षर सांगितलं, आकडे सांगितले, आणि शेवटच्या आकड्यापाशी माझ्या मनात काय आलं ते अजून नीट सांगता येत नाही. वर्गापुढे मला नापास करणाऱ्याला माझा पास एवढ्या सुखासुखी बघू द्यायचा? दोन दिवस तळमळू दे की. मी शेवटचा आकडा एकाने वाढवून सांगितला.

संध्याकाळी परत फोन. "नोंद नाही दाखवत. आईचं नाव तेच ना, मले माहीत हाये ते. नंबर बरोबर लिहून घेतला ना मी?"

"बरोबर हाये सर. मशीन बंद पडली असेल."

"ठीक हाये. पाहतो मंग."

त्यानंतर फोन आला नाही. दोन दिवसांनी मी खरा नंबर सांगणार होते. मग कागदपत्रं, पंचायत समितीच्या चकरा. आठ दिवस झाले. मधूनच वाटायचं, लावावा फोन. आणि वाटायचं, आधी त्यांनी 'चुकलं' म्हणावं. महिना व्हायच्या आत बातमी आली, सर नाशिकलाच गेले. सगळं तिकडेच उरकलं.

मला त्यांचा राग येतो, तो त्या दिवशीही आला. पण आता त्याच्या जोडीला माझा मलाच येतो, आणि तो जास्त वाईट आहे.

सरांचा मुलगा घर आवरायला आला तेव्हा मी सेविका होऊन आठवडा झाला होता. सामान टेम्पोत भरून झाल्यावर किल्ली ठेवायला तो माझ्या दारात आला.

"तुमच्या निकालाचं फार मनावर घेतलं होतं बाबांनी," तो म्हणाला. "कान कमी, म्हणून नंबर आपणच चुकीचा ऐकला असं वाटायचं त्यांना. तुम्हाला परत विचारायला लाज वाटायची. मग पुढचा नंबर टाक, त्याच्या पुढचा टाक. आईचं नाव तेच. दवाखान्यातून आलो की दोन-चार नंबर व्हायचेच. मी कंटाळायचो. काय झालं शेवटी?"

"पास झाले."

"वा. नंबर काय होता नक्की?"

या वेळी मी खरा सांगितला. त्याने मनात मोजलं.

"म्हणजे एकानेच मागे," तो म्हणाला. "मग सापडलाच असता की. पुढचे पन्नास झाले की मागचे घेऊ, म्हणाले होते. अडतीसपर्यंत आलो होतो आम्ही."

"चुकून सांगितला गेला माझ्याकडून."

"होतं हो असं," तो म्हणाला, आणि प्यायला पाणी मागितलं. मी पाणी आणायला आत गेले, ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.