शेवटचा पेड

वहिनी गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. आजारपणात तिचे केस पार पातळ झाले होते, पण लांबी तेवढीच होती. उशीवर घासून घासून मागे गुंता झाला होता. ती म्हणाली, "दिनू, वेनी घाल रं जरा." मी म्हणालो, "उद्या घालतो वयनी, आज पेपर तपासायचेत." ती डोळे मिटूनच म्हणाली, "घाल उद्या. पन नीट घाल... शेवटाला धीर सोडू नको." सकाळी चहा घेऊन गेलो, तर ती गेलेली होती.

दीर वहिनीची वेणी घालतो, याचं कुणाला नवल वाटेल. खालापूरकडच्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा मी तिसरीत होतो आणि आई नुकतीच वारली होती. भाऊ माथेरानला हॉटेलात कामाला, घरी यायचा पंधरा दिवसांनी. त्यामुळे नव्या नवरीच्या वाट्याला नवऱ्यापेक्षा दीरच जास्त आला. माझ्या डोक्याला तेल चोपडून, भांग पाडून तीच मला शाळेत धाडायची. पुढे तिला मूलबाळ झालं नाही. कुणी हळहळलं की म्हणायची, "हा हाय की."

मी शिकलो, गावच्याच शाळेत मास्तर झालो. माझी मुलगी सायली पहिलीत गेली आणि त्याच वर्षी बायकोला रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. पहिली पाळी, कंपनीची बस पहाटेच यायची. सायलीच्या दोन वेण्यांचं काम वहिनी करील असं मी धरून चाललो होतो. तिने साफ नकार दिला. "तुजी पोर, तूच शिक. मी काय जल्माला पुरनार हाय?"

म्हटलं, त्यात काय एवढं. लहानपणापासून बापाबरोबर गुरांची दावी वळत आलेला मी. केसांचे दोन भाग केले, पीळ दिला, एकमेकांवर वळवले, लाल रिबीन बांधली. प्रार्थना संपायच्या आत सगळं सुटलं आणि गुरुजींची पोर झिंज्या घेऊन वर्गात बसली. संध्याकाळी तिला बघून वहिनी पोट धरून हसली. "अरं दिनू, वेनी घातलीस का वासराचं दावं वळलंस?"

मग ती ओटीवर पाट मांडून माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिने स्वतःचा अंबाडा सोडला. "दाव्याला दोन पेड, वेनीला तीन. कडंचा मदी आन, मंग दुसऱ्या कडंचा मदी. वढू नको, नुसता धरून ऱ्हा." तेवढ्यात शेजारची काकू अंगणात येऊन थबकली. नुसती बघत राहिली. मी हात काढून घेतले. वहिनीने मानसुद्धा वळवली नाही. "बघ गं, माजं पोर वेनी घालाय शिकतंय," ती मोठ्याने म्हणाली. मी हात परत केसांना लावले.

महिनाभरात हात बसला. खोड एकच राहिली. शेपटाशी केस कमी झाले की बोटं निसटायची आणि मी नकळत दोनच पेड करून पीळ द्यायचो. वहिनी दर वेळी तेवढं टोक सोडून परत घालायला लावायची. "शेवटाला धीर सोडतोस तू. थितं केस थोडं ऱ्हातात, पन पेड तीनच."

ती गेली त्या दिवशी बायकांनी तिला आत न्हाऊ घातलं. भाऊ ओटीवर भिंतीला टेकून बसला होता, बाकीचे पुरुष अंगणात तिरडी बांधत होते. मला दोऱ्या वळता येतात हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणीतरी माझ्या हातात काथ्या दिला. वेणी घालायची म्हणून सकाळीच घेतलेली तिची फणी खिशात होती. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेलो. आतून एका म्हातारीने विचारलं, "बाप्यांचं काय काम हितं?" मी तिचं पोर आहे, एवढंच म्हणायचं होतं. चारचौघांत ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी मागे फिरलो आणि पुन्हा काथ्या वळत बसलो. याची लाज मला आजही वाटते. सायली आता बारावीला आहे. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, खिशातली फणी काढून घेतली आणि आत गेली.

वहिनीला बाहेर आणलं तेव्हा हिरव्या लुगड्यावर वेणी पुढे घेतलेली होती. सरळ, घट्ट, एक केस बाहेर नाही. फक्त शेवटच्या चार बोटांत दोनच पेड होते, पीळ दिलेले. सायली माझ्याकडूनच शिकली ना. आणि ते टोक सोडायला लावणारी तर समोर निजली होती... मी तिथेच रडलो.

याला आता पाच आठवडे झाले. फणी ओटीवरच्या कोनाड्यात असते. तिच्यात वहिनीचे दोन पांढरे केस अडकलेत. बायको धुवायला निघाली होती, मी धुऊ दिली नाही. परवा रविवारी सायली पाट घेऊन माझ्यासमोर पाठ करून बसली. म्हणाली, "बाबा, घाला." बऱ्याच वर्षांनी घालत होतो. शेपटाशी आलो तशी बोटं निसटायला लागली.

"झाली का?" तिने विचारलं.

"थांब जरा."

तीन पेड टोकापर्यंत नेले. रबर लावलं, आणि वहिनीला दाखवावं म्हणून मान वर केली.