गौरक्काची गोड पुडी

कुठलंही चूर्ण गौरक्का आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायची. चिमूटभर पूड जिभेवर घेऊन डोळे मिटायची, मान किंचित डावीकडं झुकवायची, आणि त्या चवीच्या मागं मागं ती कुठंतरी निघून जायची. समोर चार बायका बसलेल्या असोत की दारात कुणी खोळंबलेलं असो, ती परत येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग डोळे उघडून म्हणायची, "हां, आता जमलं बघ."

ती आठवते ती नेहमी दुपारच्या उजेडात. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या कापडाच्या दुकानांचे पडदे खाली ओढलेले असायचे, रस्ता उन्हानं पांढरा पडलेला असायचा. मागच्या बोळात शिरलं की एकदम सावली. तिथं तिच्या यजमानांचं, मल्लप्पांचं, काष्ठौषधींचं दुकान होतं. वाळलेल्या मुळ्या, साली, बिया यांची पोती ओलांडून आत गेलं की गौरक्काची खोली. कौलातल्या काचेतून एक कवडसा खाली यायचा आणि त्यात चूर्णाची धूळ तरंगत राहायची. त्या खोलीत किती वेळ गेला ते कळायचं नाही. बाहेर गिरणीचा भोंगा वाजला की पाण्याखालून वर आल्यासारखं वाटायचं.

ती लिंगायत. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. विचार कानडीत करायची आणि बोलायची मराठीत, त्यामुळं प्रत्येक वाक्याआधी अगदी थोडी थांबायची. अंगानं भरलेली, सावळी, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं. लिहिता-वाचता येत नव्हतं. औषधांची माहिती तिला आजीकडून मिळाली होती, आणि बायकांची माहिती बायकांकडून.

त्या काळात, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं सरली होती तेव्हा, पाळी जाण्याच्या दिवसांबद्दल कुणी बोलत नसे. बायका तिच्याकडं येऊन म्हणायच्या, "अक्का, अंग पेटतंय. पंधरा मिनिटं जीव नकोसा होतो, मग घाम सुटतो." गौरक्का हसायची. "अंगात उन्हाळा शिरलाय तुझ्या. माज्या बी शिरला हुता. जातोय की! घाबरतीस काय?" एवढं ऐकूनच कित्येकींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

माझी आई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. मी बावीसची, सकाळच्या प्राथमिक शाळेत शिकवणारी. दुपारी घरी यायचे. आई मुळातच अबोल. दुखलं-खुपलं सांगणं हा तिच्या लेखी एक प्रकारचा निर्लज्जपणाच होता. एके दिवशी मी आले तर परातीत कणीक अर्धवट मळलेली आणि आई स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर गाल टेकून पडलेली. मी ओरडलेच. ती हळूच उठली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "काही नाही गं. ऊन लागलं." पौष महिना चालू होता.

खोकल्याच्या औषधासाठी मी गौरक्काकडं जात असे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "घेऊन ये की तिला. तू भाईर बस." मी दुकानातल्या पोत्यावर बसून राहिले. आतून बराच वेळ कुजबुज ऐकू येत होती, आणि मग अचानक आईचं हसू. तसं हसू मी तोवर ऐकलंच नव्हतं. ते एखाद्या मुलीचं हसू होतं.

आई पुडी घेऊन बाहेर आली. शतावरी, अशोकाची साल आणि ज्येष्ठमध. "दुधातनं एक चमचा, सकाळच्याला. बास," गौरक्कानं दारातून बजावलं. पुडी गोड होती. तिच्याकडं येणाऱ्या बायकांत ती त्याच नावानं ओळखली जायची, गोड पुडी.

महिन्याभरात आईच्या अंगाची आग कमी झाली. पुडीनं झाली की आपोआप, कोण सांगणार? पण ती शांत झोपू लागली, ओव्या गुणगुणू लागली. आणि एका चमच्यानं एवढं बरं वाटतं म्हणून आईनं संध्याकाळचा एक चमचा सुरू केला. पुढं पुढं जरा गरम वाफ आली की डबीतली चिमूट तोंडात. संपली की मीच नवी आणून द्यायची. गौरक्का विचारायची, "इतक्यात संपली?" आणि मी आईनं शिकवल्याप्रमाणं सांगायचे, "शेजारच्या काकूंना दिली थोडी."

चौथ्या महिन्यात आईच्या बांगड्या हातात रुतू लागल्या. जोडवी काढता येईनात. डोकं सतत ठणकायचं. आमच्या घराच्या तीन पायऱ्या ती भिंत धरून चढू लागली. एका दुपारी भाजी घेऊन येताना तिच्या पायांतलं बळच गेलं आणि ती भर रस्त्यात खाली बसली. कुणीतरी ओळखीच्यानं टांग्यात घालून घरी आणलं. मी तशीच तो टांगा वळवून तिला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी दंडाला पट्टा बांधला, पुन्हा बांधला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "ब्लड प्रेशर फार वाढलंय. काही औषध घेता का?"

"नाही," आई म्हणाली.

"घेते," मी म्हणाले आणि पिशवीतली डबी टेबलावर ठेवली. आई माझ्याकडं बघतच राहिली.

बाईंनी पूड हुंगली, चाखली. "ज्येष्ठमध भरपूर आहे. खोकल्याला चार दिवस घेतलं तर गोष्ट वेगळी. पण महिनेच्या महिने, एवढ्या प्रमाणात? अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो, हातापायांतला जोर जातो. हृदयावर बेतलं असतं. आजपासून बंद."

आईला घरी निजवून मी तडक गौरक्काकडं गेले. आत तीन बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी नाही नाही ते बोलले. "माझ्या आईला मारायला निघाला होतात तुम्ही! अडाणी ते अडाणीच!" मल्लप्पा दुकानातून धावत आले. "ए पोरी, तोंड सांभाळ! झाडपाल्यानं कधी कुणाला अपाय झालाय व्हय?"

गौरक्कानं हात वर करून त्यांना थांबवलं. मला तिनं एकच विचारलं, "पाय सुजल्यात?"

"हो."

"चल."

ती अनवाणीच निघाली. आमच्या घरी येऊन आईच्या पायथ्याशी बसली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. गौरक्का त्या खळग्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "वैनी, तुरट लागतंय म्हणून बायका औषीद टाकून देत हुत्या. म्हणून मी ज्येष्ठमध वाढिवलं. माज्या आजीचं चिमूटभर हुतं. गोड वाटावं म्हणून मी वाढिवलं गं."

आई पडल्या पडल्या म्हणाली, "मीच जास्त घेत होते, अक्का. तुम्ही एकच चमचा सांगितला होता."

शेजारच्या काकूंचं खोटं माझ्याच तोंडून गेलं होतं. मी तेही कबूल केलं. गौरक्कानं मान हलवली. "तू खोटं बोललीस, हौदु, व्हय की. पर इतक्यात कशी संपली ते शोधायचं काम माजं हुतं की."

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. बाईंना वाटलं, ही भांडायला आली. पण ती म्हणाली, "मला शिकवा. काय काय झालं तर थांबायचं?" बाईंनी तिला खुर्ची दिली. पायाची सूज, डोकेदुखी, छातीत धडधड, पायांत गोळे, अशक्तपणा. गौरक्का एकेक शब्द पुटपुटत होती. लिहून घेणं तिच्या हाती नव्हतं. सगळं डोक्यातच ठेवायचं.

आणि मग तिनं ते सुरू केलं, ज्यासाठी मी आज हे लिहिते आहे. ज्या ज्या बाईला गोड पुडी दिली होती, तिच्या तिच्या घरी जायचं.

मल्लप्पांनी डोक्याला हात लावला. "दुकानाचं नाव जाईल. लोक हसतील."

"हसू देत की. हसण्यानं पाय सुजत न्हाईत."

शाळा सुटली की मी तिच्याबरोबर जाऊ लागले. त्या दुपारी माझ्या मनात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. तापलेल्या भिंती, दोरीवर वाळणाऱ्या चादरींचे रंग, पूर्व भागातल्या मागांची खटखट, तेलुगूत बोलणाऱ्या बायकांची अंगणं, आणि माझ्यापुढं दोन पावलं चालणारी गौरक्का. दारात उभी राहून ती एकच सांगायची. "मी दिलेलं औषीद घेऊ नगंस. माजं चुकलंय. पाय दाखव." कुणी पाणी दिलं, कुणी दार लावलं. एक बाई म्हणाली, "आम्हाला तर गुण आला, बंद का करायचं?" तिच्याकडं तर गौरक्का तीनदा गेली. पाच-सहा जणींचे पाय सुजलेले निघाले. त्यांना तिनं स्वतः डॉक्टरीणबाईंकडं पोचवलं.

राहिली होती एक सरूबाई. ती मुलीकडं बार्शीला गेली होती, जाताना मोठी बरणी भरून घेऊन. आम्ही एसटीनं बार्शीला गेलो. पत्ता एवढाच होता की धान्याच्या बाजारामागं, शिंप्याच्या शेजारी. विचारत विचारत घर सापडलं. सरूबाई खाटेवर होती. आठ दिवस तिला उठून बसता येत नव्हतं, हात उचलला तरी थरथरत होता. आम्ही कोण ते कळताच मुलगी भडकली. गौरक्काच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. गौरक्का उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. मुलगी श्वास घ्यायला थांबली तेव्हा ती म्हणाली, "घाल की शिव्या, लेकी. पर आदी ती बरणी आणून दे. अजून पाजतीस तिला तू."

मुलगी धावत आत जाऊन बरणी घेऊन आली. त्या सकाळचा चमचाही तिनंच पाजला होता.

आम्ही सरूबाईला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. गौरक्कानं डॉक्टरांना सगळं सांगितलं, काय काय घातलं होतं, किती घातलं होतं. काहीही झाकलं नाही. सरूबाईला सलाईन लागली, आणि रात्रीपुरतं काय करायचं ते ठरल्यावरच गौरक्का तिथून हलली. सरूबाई वाचली. तीन आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी सोलापूरला आली.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर ज्वारीची कापलेली रानं मागं मागं सरकत होती. ऊन कलून तांबूस झालं होतं. मला वाटलं, गौरक्काला डुलकी लागली. पण ती बोलायला लागली, माझ्याशी की स्वतःशी ते समजेना. "बायका माज्याकडं का येत्यात, सांगू? औषीद घ्यायला न्हाई. सांगायला येत्यात. घरात कुणाला सांगणार? तुझी आई हसली त्या दिवशी, तवा मी पुडी बी न्हवती दिली अजून." मग म्हणाली, "ऐकून घ्यायचं सोडून मी पुड्या बांदत बसले बघ."

त्यानंतर ती गोड पुडी तिनं पुन्हा कधी बांधली नाही. इतर औषधं द्यायची, पण आधी दहा प्रश्न विचारायची. डाक्टरचं काय चालू हाय? दुसरं काय घेतीस? किती घेतीस, खरं सांग. अंगठ्यानं नडगी दाबून बघायची. कुणी म्हणालं, "झाडपालाच तर आहे, त्यानं काय होतंय," तर तिचा आवाज चढायचा. "झाडपाला हाय म्हणूनच गुण येतोय न्हवं? मग त्यात जोर हाय. जोर हाय तर त्यो कुटं बी लागंल." आणि दुपारी तिच्या खोलीत पूर्वीपेक्षा जास्त बायका जमू लागल्या. पुष्कळदा औषध न घेताच परत जायच्या.

आईची सूज उतरली. रक्तदाब मात्र पूर्ण उतरायला दोन महिने लागले. अंगातला उन्हाळा अधूनमधून येत राहिला, आणि एक दिवस यायचा थांबला.

चार वर्षांनी गौरक्का गेली. साधा ताप आला, छातीत भरलं, आणि तीन दिवसांत सगळं संपलं. त्यांच्या रिवाजाप्रमाणं तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात शेवंतीचे हार. बोळ माणसांनी भरला होता. एक वयस्कर गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "काय हात होता बाईचा! तिच्या औषधानं कधी कुणाचं वाईट झालं नाही. एकदासुद्धा चुकली नाही." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या.

माझ्या शेजारी आई उभी होती. चारचौघांत जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती दोन पावलं पुढं झाली. पदर नीट घेतला. "चुकली होती," ती म्हणाली.

सगळे वळून बघायला लागले. तरी आई थांबली नाही. "पाळी जायच्या दिवसांत मी तिचं औषध घेत होते. माझे पाय सुजले, रक्तदाब चढला. मरायचीच मी. तेव्हा ती अनवाणी माझ्या घरी आली आणि म्हणाली, माझं चुकलं. असं म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही."

पुरुषमंडळी खाली बघू लागली. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या मल्लप्पांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते म्हणाले, "खरं हाय."

मग गर्दीच्या मागच्या बाजूनं एका बाईचा आवाज आला, "आमच्या बी घरी आली हुती." तिच्या पलीकडून दुसरीचा. मग तिसरीचा.