तक्त्यात न बसलेला भाऊ

फौजी लोकांच्या मानसिक आधाराच्या योजनांचा ज्यांनी तक्ता आखला, त्यांनी माझ्या भावाला फसवलं. यात मला काही शंका नाही.

भाऊ फौजेतून निवृत्त होऊन मांडवीला माझ्याकडे आला. लग्न केलं नव्हतं, आईवडील तो नोकरीत असतानाच वारले. दार समोर दिसेल अशीच खुर्ची धरायचा. गणपतीत फटाका वाजला की ताटावरून उठून न्हाणीघरात जाऊन बसायचा. धक्क्यावर मी अर्ध्या मिनिटात मासळीचा भाव पाडते; ‘डॉक्टरकडे चल’ एवढं त्याला पटवायला दोन वर्षं गेली. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आपणच उभा राहिला. “चल ताई. पण एकदाच येईन.”

फौजींना डॉक्टर मिळवून देणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. भिंतीवर रंगीत तक्ता. सेवेतले निळे, निवृत्त हिरवे, कुटुंबीय पिवळे. हिरव्यात पुन्हा दोन भाग, कुटुंब असलेले आणि एकटे. लग्नपत्रिकेवर होत नसेल एवढी कलाकुसर.

“बायको, मुलं, आईवडील?” कारकुनाने विचारलं.

“कोणी नाही. मी बहीण.”

“विवाहित बहीण कुटुंबात धरत नाहीत, मावशी,” माझ्या मंगळसूत्राकडे बघत तो म्हणाला.

“मावशी कोणाला म्हणतोस? नातं लावायचंच असेल तर त्या फॉर्मवर लाव!”

त्याने ‘एकटे’वर खूण केली आणि आम्हाला पुढच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या बाईंनी कागद उलटापालटा केला. “समुपदेशनाआधी कुटुंबातल्या कोणाची तरी सही लागेल.”

मी मोठ्याने हसले. “बाई, ह्याला कुटुंब नाही म्हणून तर तुमच्याकडे धाडलाय. सही काय समुद्रातून आणू?”

“ते त्या टेबलावर विचारा.”

त्या टेबलावर म्हणाले, हे ह्या टेबलाचं काम. माझा आवाज चढला, हे कबूल. चढलेला आवाज भावाला सोसत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी चढला. मागे वळून पाहिलं तर बाक रिकामा. रिक्षा स्टँडवर सापडला, पाठ भिंतीला लावून उभा.

“ताई, तू कोणी नाहीस म्हणतात. मग राहू दे.”

त्यानंतर डॉक्टरचं नाव काढलं की तो खुर्ची सोडून आत जातो. तो शर्ट खुंटीवरच आहे.

वर्गवारी मीही रोज करते. बांगडा एका टोपलीत, सुरमई दुसरीत. पण कशातच न बसणारी मासळी मी धक्क्यावर टाकून येत नाही, तिला आणखी एक टोपली काढते. कारण मला मासळी खपवायची असते. ह्यांना नुसत्या टोपल्या मिरवायच्या होत्या.

तक्ता अजून भिंतीवर आहे म्हणे, आता काच बसवून. तो ज्याने आखला त्याने माझ्या घरी यावं. भावाच्या समोर बसावं आणि हळू आवाजात त्याला सांगावं की दोन वर्षं त्याला जेवू घालणारी, समजावणारी ही बाई त्याची कोण लागते. मला नको, त्याला उत्तर द्या.